देवराई, देवडोंगर आणि कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वनहक्काच्या दाव्यांच्या निमित्ताने माझं पाड्यांवर, वाड्यांवर जाणं होतं, आणि जिथे जाईन तिथे मीटिंग संपल्यावर, चहा होताना, कोणीतरी हळूच विचारतं की आमच्या देवाच्या जागेचं काय? ती जमीन कोणाच्या नावावर लागते, उद्या तिथून रस्ता गेला तर आम्ही काय दाखवायचं? मग व्हॉट्सॲपवर तेच प्रश्न परत येतात. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. लांबलंय, सगळं वाचायला नसेल जमत तर आपल्या गावापुरता प्रश्न शोधून वाचा, पण नियमगिरीचा भाग मात्र सगळ्यांनी वाचाच.

"पवित्र जागा" म्हणजे देऊळच असायला लागतं का?

अजिबात नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. वारल्यांचा वाघोबा बघा. एक लाकडी पाट नाहीतर दगड, त्यावर वाघ कोरलेला, वर सूर्य-चंद्र, शेंदूर लावलेला, आणि तो उभा असतो झाडाखाली उघड्यावर, ना भिंत ना कळस. मुंबईत आरेच्या पाड्यांवर आजही असा वाघोबा आहे. महादेव कोळ्यांची देवराई म्हणजे तर अख्खं रान, आत एखादा तांदळा, म्हणजे न घडवलेला देवाचा दगड, असेल नसेल. गडचिरोलीत माडियांचा देव डोंगरावर राहतो. कोकणात हिलाच कुठे देवराई, कुठे देवरहाटी, कुठे नुसतं राई म्हणतात. एखादा झरा, स्मशानाची जागा, पूर्वजांचे उभे केलेले दगड, हे सगळं यात येतं. माणसाने बांधलेलं काही तिथे नसलं तरी जागा पवित्र असते. कायद्याला मात्र शंभर वर्षं फक्त बांधलेलंच दिसत होतं.

कायदा नव्हता तेव्हा या जागा कशा काय टिकल्या?

कायदा होताच, फक्त कागदावर नव्हता. आहुप्याच्या देवराईसारख्या ठिकाणी पडलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही असा दंडक, कोणी तोडला तर गावाने बसून दंड करायचा, आणि त्याहून मोठी म्हणजे देवाची भीती. कोकणात देवराईतलं झाड लागलंच, समजा देवळाच्या वाशासाठी, तर आधी कौल लावायचा. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या नाहीतर तांदूळ चिकटवतो, सगळे मानकरी समोर बसलेले, कोणी बोलत नाही, आणि उजवीकडचं पडलं तर देवाची परवानगी, डावीकडचं पडलं तर नाही. झाड उभंच राहतं. मी एकदा असा कौल बघितलाय, डावा पडला तेव्हा ज्याला लाकूड हवं होतं तोच पहिला उठला आणि पाया पडून बाहेर गेला, वाद नाही काही नाही. परवानगी मागायची, ती नाकारली जाऊ शकते हे मान्य करायचं, आणि निर्णय सगळ्या गावासमोर घ्यायचा, म्हणजे आज ज्याला आपण संमतीची प्रक्रिया म्हणतो ती हीच की.

मग बिघडलं कधी?

जंगल सरकारचं झालं तेव्हा. पहिला वन कायदा १८६५ चा, दुसरा १८७८ चा, त्यात राखीव, संरक्षित आणि गाव-वन अशी विभागणी आली, आणि मग १९२७ चा भारतीय वन अधिनियम जो आजही चालू आहे. यातली राखीव वन करायची पद्धत नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कलम ४ खाली सरकार जाहीर करतं की हे अमुक रान राखीव करायचंय. कलम ६ खाली वनव्यवस्थापन अधिकारी गावात जाहीरनामा काढतो की कोणाचा काही हक्क असेल तर सांगा, मुदत कमीत कमी ३ महिने. आणि कलम ९ म्हणतं की ज्या हक्काचा दावा आला नाही तो हक्क संपला. आता कल्पना करा, पाड्यावर एकालाही अक्षरओळख नाही, जाहीरनामा तालुक्याच्या गावी लागलाय, आणि तुमचा हक्क काय तर वर्षातून एकदा डोंगरावर जाऊन कोंबडं द्यायचं. हे कोण जाऊन लिहून देणार होतं? कोणी दिलं नाही आणि हक्क संपला. देव तिथेच राहिला, जमीन गेली.

गंमत म्हणून नाही, खरंच लक्षात घेण्यासारखं म्हणून सांगतो, त्या काळचे पहिले वन महानिरीक्षक डिट्रिच ब्रँडिस यांनी कोडगूच्या देवरकाडूंची, म्हणजे तिथल्या देवरायांची, दखल घेतलेली होती. त्यांना माहीत होतं. पण माहीत असणं आणि कायद्यात लिहिणं यात फार अंतर असतं.

महाराष्ट्रात यात अजून एक भर पडली, ३० ऑगस्ट १९७५ ला खाजगी वनं सरकारजमा झाली. त्यामुळे एकाच तालुक्यात एक देवराई वनखात्याकडे, दुसरी महसूलची, तिसरी देवस्थान इनाम म्हणजे वर्ग ३ ची, चौथी कोणाच्या तरी सामायिक सातबाऱ्यात, असा प्रकार सापडतो. आपली कुठली आहे हे आधी तलाठ्याकडे जाऊन बघा, बाकी सगळं नंतर.

पुरातत्त्व खात्याकडे अर्ज केला तर?

बहुतेक वेळा उपयोग होत नाही. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा बांधकाम, लेणी, शिल्प, शिलालेख, एकाश्म, दफनाची जागा अशा गोष्टींना लागू होतो, त्या १०० वर्षांपेक्षा जुन्या असाव्या लागतात आणि त्यांना ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्व असावं लागतं. डोंगर, झरा, राई यात बसत नाही. तुमच्या रानात जुने कोरीव दगड, वीरगळ, कातळशिल्पं असतील तर जरूर अर्ज करा, पण तो त्या दगडांपुरता. शिवाय तिथे जागा "जुनी" असण्याला किंमत आहे, "जिवंत" असण्याला नाही, आणि आपल्या जागा तर आजही पूजल्या जातात.

घटनेत काही आहे का?

आहे. अनुच्छेद २५ आणि २६ धर्म पाळण्याचं आणि धार्मिक बाबी सांभाळण्याचं स्वातंत्र्य देतात, २९ मध्ये आपली संस्कृती जपण्याचा हक्क आहे, आणि १३ मध्ये "कायदा" या शब्दाच्या व्याख्येतच कायद्याचं बळ असलेली रूढी धरलेली आहे. पाचवी अनुसूची आदिवासी भागासाठी वेगळी व्यवस्था करते. पण घटनेतला हक्क गावाच्या हातात येण्यासाठी मध्ये एखादा चालणारा कायदा लागतो आणि तो यायला १९९६ उजाडावं लागलं.

देव स्वतःच कोर्टात जाऊ शकतो ना? मग डोंगर का नाही?

हा प्रश्न एका कॉलेजच्या पोराने विचारला होता आणि मला फार आवडला. हिंदू देवतेची मूर्ती ही कायद्याने व्यक्ती मानली जाते, तिच्या नावावर जमीन असते, ती दावा लावू शकते, १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मलिक घराण्याच्या खटल्यात हे स्पष्ट सांगितलेलं आहे. पण जागेचं तसं नाही. ९ नोव्हेंबर २०१९ च्या अयोध्या निकालात सुप्रीम कोर्टाने रामलल्ला विराजमान यांना व्यक्ती मानलं आणि जन्मभूमी या जमिनीला मात्र मानलं नाही. म्हणजे ज्यांचा देव हाच मुळी डोंगर आहे, मूर्ती नाही, ट्रस्ट नाही, पुजाऱ्याची सनद नाही, त्यांना हा रस्ता फारसा उघडा नाही. न्यूझीलंडमध्ये २०१४ ला "ते उरेवेरा" नावाचं रान आणि २०१७ ला व्हांगानुई नदी यांना स्वतंत्र कायदे करून व्यक्ती केलं गेलं, पण ते माओरींशी झालेल्या तडजोडीतून, संसदेत. आपल्याकडे उत्तराखंड हायकोर्टाने २०१७ मध्ये गंगा-यमुनेला तसा दर्जा दिला आणि त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. त्यामुळे माझं मत असं की या मागे वेळ घालवू नका, आपल्याकडे याहून पक्का रस्ता आहे.

पेसा म्हणजे नक्की काय मिळालं?

पंचायत राज अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल, क्षेत्रांना लागू करणारा २४ डिसेंबर १९९६ चा कायदा. महाराष्ट्रात ठाणे-पालघरपासून गडचिरोलीपर्यंत १३ जिल्ह्यांतले काही भाग यात येतात, राज्याचे नियम २०१४ ला आले. यातलं कलम ४ चं पोटकलम (घ), इंग्रजीत डी, पाठ करून ठेवा: आपल्या परंपरा, रूढी, सांस्कृतिक ओळख, सामूहिक साधनसंपत्ती आणि तंटे मिटवायच्या पारंपरिक पद्धती जपायला ग्रामसभा सक्षम आहे. "सक्षम आहे" हा शब्द महत्त्वाचा, म्हणजे कोणी तिला अधिकार द्यायचा नाहीये, तो तिच्याकडे आहे असं संसद म्हणते. आणि ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायत नव्हे, तुमचा पाडासुद्धा स्वतःला गाव म्हणून घोषित करून घेऊ शकतो. पुढच्याच वर्षी, १९९७ ला, आंध्रातल्या समता खटल्यात सुप्रीम कोर्टाने अनुसूचित क्षेत्रातली सरकारी जमीन बिगर-आदिवासी खाजगी कंपन्यांना खाणीसाठी भाड्याने देता येणार नाही असं सांगितलं. दोन्ही गोष्टी मोठ्या होत्या. पण पेसा खाणीच्या बाबतीत मोठ्या खनिजांना ग्रामसभेची संमती सक्तीची करत नाही, तिथे तो तोकडा पडतो.

आणि वनहक्क कायदा? तो तर जमिनीच्या पट्ट्यांसाठी आहे ना?

सगळ्यांचा हाच समज. २००६ चा कायदा, ३१ डिसेंबर २००७ पासून लागू, आणि याच्या प्रस्तावनेतच "ऐतिहासिक अन्याय" असा शब्द आहे, म्हणजे वर सांगितलं ते कलम ९ आणि तो ३ महिन्यांचा जाहीरनामा, याची कबुली सरकारने स्वतः दिली. वैयक्तिक प्लॉट हा यातला एक भाग झाला. खरी ताकद सामूहिक हक्कात आहे. कलम ३(१) मध्ये गावाने परंपरेने राखलेल्या वनाचं रक्षण, संवर्धन, व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे, अतिअसुरक्षित आदिवासी गटांसाठी, म्हणजे आपल्याकडे कातकरी, कोलाम आणि माडिया, अधिवास हक्क आहे, आणि शिकार सोडून "इतर कोणताही पारंपरिक हक्क" असाही एक खण आहे ज्यात यात्रा, पूजा, देवाकडे जायची वाट, सगळं बसतं. कलम ५ तर सरळ म्हणतं की गावकऱ्यांच्या सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाला धक्का लावणाऱ्या गोष्टींपासून अधिवास वाचवायचा, आणि हे काम ग्रामसभेचं. अभयारण्य असो की राष्ट्रीय उद्यान, कायदा तिथेही लागू आहे.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो मात्र नियम १३. पुरावा काय चालेल याची यादी आहे, सरकारी नकाशे, गॅझेटियर वगैरे, आणि त्यातच विहिरी, स्मशानं, पवित्र जागा यासुद्धा पुरावा म्हणून धरल्यात. आणि म्हाताऱ्या माणसांचं लिहून घेतलेलं निवेदनसुद्धा. जी जागा कायद्याला दिसत नव्हती तीच आता तुम्ही इथे किती पिढ्या आहात याचा पुरावा झाली!

मेंढा (लेखा), धानोरा तालुका, गडचिरोली, "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गाव, त्यांना २००९ मध्ये जवळपास १८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या पहिल्या काही गावांपैकी ते एक.

नियमगिरीचं प्रकरण नक्की काय? सगळे नाव घेतात पण कोणी नीट सांगत नाही.

ओडिशात रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांच्या सीमेवर नियमगिरीची डोंगररांग आहे. डोंगरिया कोंध लोक तिथे राहतात, जेमतेम ८ हजारांच्या आसपास लोकसंख्या, आणि त्यांचा देव नियमराजा, जो डोंगरावर राहतो आणि ज्याने त्यांना वागायचे नियम घालून दिले. म्हणून माथ्यावरचं झाड तोडायचं नाही. त्याच माथ्याखाली सुमारे ७ कोटी टन बॉक्साइट. पायथ्याला लांजीगढला वेदांताचा ॲल्युमिना कारखाना आधीच उभा राहिला होता आणि खाण काढायची होती राज्याच्या ओडिशा मायनिंग कॉर्पोरेशनबरोबर, त्यासाठी ६६० हेक्टर वनजमीन हवी होती. ८ ऑगस्ट २००८ ला सुप्रीम कोर्टाने वनजमीन वळवायला मंजुरीसुद्धा दिली होती. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की संपला विषय.

संपला नाही, कारण मध्ये वनहक्क कायदा लागू झाला होता. ३ ऑगस्ट २००९ ला पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढलं की वनजमीन वळवायची तर आधी वनहक्क पूर्ण करा आणि ग्रामसभेचा ठराव आणा. मग मंत्रालयाने नेमलेली सक्सेना समिती तिथे गेली, तिने हक्क डावलले गेल्याचा अहवाल दिला, आणि २४ ऑगस्ट २०१० ला मंत्रालयाने अंतिम मंजुरी नाकारली. त्याविरुद्ध कॉर्पोरेशन सुप्रीम कोर्टात गेलं.

१८ एप्रिल २०१३ चा निकाल तीन न्यायमूर्तींचा आहे. कोर्टाने खाण योग्य की अयोग्य हे स्वतः ठरवलंच नाही. कोर्ट म्हणालं, या खाणीमुळे नियमराजाची पूजा करण्याच्या हक्काला बाधा येत असेल तर तो हक्क जपला गेला पाहिजे, आणि बाधा येते की नाही हे ग्रामसभा सांगेल. अनुच्छेद २५-२६ मधलं स्वातंत्र्य, पेसातली ग्रामसभेची क्षमता आणि वनहक्क कायदा, तिन्ही एकत्र गुंफले आणि निर्णय पाड्यावर नेऊन ठेवला. माझ्या मते एवढ्या वर्षांच्या इतिहासात याच्याइतकी मोठी गोष्ट झाली नाही.

राज्याने १०० च्या वर गावांतून फक्त १२ निवडली, याला केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाने हरकत घेतली होती, पण शेवटी १२ च झाल्या. १८ जुलै २०१३ ला सेरकापाडीपासून सुरुवात, जिल्हा न्यायाधीश निरीक्षक म्हणून समोर बसलेले, भर पावसाळा, बंदोबस्त, आणि लोक उठून आपल्या कुवी भाषेत बोलत होते. आम्हाला माथ्यावरचा एवढासा तुकडा देवाचा म्हणून आखून देऊ नका, अख्खं नियमगिरी नियमराजाचं आहे, हे त्यांनी गावोगाव सांगितलं. १९ ऑगस्टला जरपात शेवटची ग्रामसभा झाली. १२ पैकी १२ नाही म्हणाल्या. एकही फुटली नाही. जानेवारी २०१४ ला मंत्रालयाने प्रस्ताव फेटाळला, २०१६ मध्ये तो परत उकरून काढायचा प्रयत्न झाला तोही सुप्रीम कोर्टाने ऐकला नाही.

एक ध्यानात घ्या, ते जिंकले ते कोर्टाला त्यांचा देव खरा वाटला म्हणून नाही. आमचा देव कुठे आहे आणि त्याची हद्द कुठवर हे आम्हीच सांगणार, एवढं कोर्टाने मान्य केलं म्हणून.

मग आपल्या सुरजागडला तसं का नाही झालं?

एटापल्ली तालुक्यातला हा डोंगर, माडियांच्या श्रद्धेत ठाकूरदेवाचं ठिकाण, दर जानेवारीत तिथे यात्रा भरते आणि भोवतालच्या कित्येक गावांचे लोक चालत येतात. आणि त्याच डोंगरावर आज लोहखनिजाची खाण चालू आहे, भाडेपट्टा २००७ चा, साधारण ३४८ हेक्टरचा. इलाख्याच्या ग्रामसभांनी वर्षानुवर्षं विरोधाचे ठराव केलेत, देवाचं नाव घेऊन केलेत.

कायदा तोच आहे, घटना तीच आहे. पण नियमगिरीत खाण सुरू होण्याआधी गावांना विचारलं गेलं, आणि विचारा असं सांगणारा सुप्रीम कोर्टाचा स्पष्ट आदेश हातात होता. त्या निकालातलं तत्त्व सगळीकडे लागू व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं, पण प्रत्यक्षात ते आपोआप लागू होत नाही, प्रत्येक ठिकाणी नव्याने भांडावं लागतं. त्यात २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी केंद्राची मंजुरी आधी आणि वनहक्काचं पालन राज्याने नंतर बघायचं असा क्रम केला, म्हणजे ग्रामसभेकडे प्रश्न येईपर्यंत निम्मं काम झालेलं. सुरजागडची यात्रा आठवली की मला लिहायला त्रास होतो, एवढंच सांगतो.

आमचं गाव कोकणात आहे, आम्ही आदिवासी नाही, पेसाही नाही. आम्हाला काय?

वनहक्क कायद्याला पेसा क्षेत्र लागत नाही. "इतर पारंपरिक वननिवासी" म्हणून तुम्हीही सामूहिक दावा करू शकता, फक्त १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षं तिथे राहून वनावर अवलंबून असल्याचं दाखवावं लागतं, आणि देवराई असलेल्या जुन्या गावाला ते सहसा जड जात नाही. मात्र जमीन "वन" असायला लागते. देवराई गायरानात, देवस्थान इनामात किंवा खाजगी गटात असेल तर हा कायदा चालत नाही आणि वन संवर्धन कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर तर वन म्हणून नोंद नसलेल्या रानाचं संरक्षण अजून पातळ झालंय. गोदावर्मन खटल्यातल्या १९९६ च्या आदेशातली वनाची व्यापक व्याख्या तूर्त चालू ठेवायला सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलंय, तेवढाच आधार.

डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने देवरायांवर निकाल दिला म्हणे?

हो, १८ डिसेंबरचा. प्रकरण राजस्थानातल्या ओरणांचं, म्हणजे तिथल्या देवरायांचं. कोर्टाने राज्याला सगळ्या ओरणांचा जमिनीवर आणि उपग्रहावरून नकाशा करायला सांगितलं, आकाराने लहान आहे म्हणून वगळू नका असंही बजावलं, आणि केंद्राला देशभरातल्या देवरायांसाठी धोरण आखायची शिफारस केली. चांगलं आहे. पण मला एक धाकधूक आहे ती सांगतो: राखायची म्हणून देवराई "वन" झाली की ती वनखात्याच्या ताब्यात जाते आणि उद्या गावालाच आत जायला परवानगी लागेल अशी वेळ येऊ शकते, ओरणांच्या गावांनीही हीच भीती बोलून दाखवली. म्हणून नोंद होताना गावाचा हक्कही त्याच कागदावर येतोय का हे बघत राहायला पाहिजे.

जैवविविधता वारसा स्थळ करून घेतलं तर?

छोट्या जागेला हा पर्याय चांगला आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यात कलम ३७ खाली तसं जाहीर करता येतं. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथली मायरिस्टिकाची, म्हणजे रानजायफळाच्या झाडांची, पाणथळ राई गावाने देवाची म्हणून राखली होती, जेमतेम अडीच हेक्टर, ती आता वारसा स्थळ आहे. वन्यजीव कायद्यात कलम ३६-ग (इंग्रजीत सी) खाली "समुदाय राखीव" हाही प्रकार २००२ च्या दुरुस्तीने आलाय, त्यात सांस्कृतिक मूल्यं असा शब्दच आहे, पण तो खाजगी किंवा सामूहिक जमिनीला, आणि गावाने स्वतः पुढे यायला लागतं.

जागा झाली, पण आमची गाणी, औषधं, चित्रं? त्यांचं काय?

इथे कायदा विरळ आहे. वारली चित्रकलेला २०१४ ला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याने नाव वापरण्यावर थोडा वचक बसतो, पण बेडशीटवर छापणाऱ्याला तो पुरा अडवत नाही. जडीबुटीच्या ज्ञानासाठी वनहक्क कायद्यात सामूहिक बौद्धिक संपदेचा हक्क आहे आणि जैवविविधता समितीची लोकनोंदवही आहे. वारल्यांच्या लग्नात धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, जे गाते त्याला मात्र कुठला फॉर्म नाही.

बाहेरच्या देशांत आपल्यापेक्षा बरं आहे का?

काही बाबतीत हो, काहीत नाही. अमेरिकेत १९७० ला ताओस प्यूब्लो लोकांना त्यांचं ब्लू लेक हे पवित्र सरोवर ४८,००० एकरांसकट परत मिळालं, ६४ वर्षं भांडल्यावर. १९७८ ला मूलनिवासींच्या धर्मस्वातंत्र्याचा कायदा आला. पण १९८८ च्या "लिंग" (Lyng) नावाच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की जमीन सरकारची आहे, रस्ता केल्याने तुमची श्रद्धा मोडत असली तरी आम्ही अडवू शकत नाही. तो रस्ता शेवटी झाला नाही, पण कोर्टामुळे नाही, संसदेने ते रान संरक्षित केलं म्हणून. ॲरिझोनात अपाचींच्या ओक फ्लॅट या पवित्र जागेचं प्रकरण त्याच निकालाच्या वजनाखाली दबलं, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते ऐकायलाच नकार दिला. ऑस्ट्रेलियात तर मे २०२० मध्ये जूकन गॉर्जच्या ४६,००० वर्षं माणसाचा वावर असलेल्या गुहा रिओ टिंटो या खाणकंपनीने सुरुंग लावून उडवल्या, आणि ते तिथल्या १९७२ च्या वारसा कायद्याखाली रीतसर परवानगी घेऊन. हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. त्यामानाने नियमगिरीचा निकाल जगात कुठेही अभिमानाने सांगावा असा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मूलनिवासी हक्कांच्या २००७ च्या जाहीरनाम्यात पवित्र जागा जपण्याचा आणि तिथे एकांतात जाण्याचा हक्क आहे, भारताने त्याच्या बाजूने मत दिलं होतं.

धोका फक्त खाणीचा, धरणाचाच आहे का?

नाही, आणि हे आपल्याच माणसांना सांगायला अवघड जातं. सह्याद्रीत मी बघितलेल्या बऱ्याच देवराया खाणीने नाही, जीर्णोद्धाराने कमी झाल्यात. मुंबई-पुण्याचे चाकरमानी वर्गणी काढतात, कौलारू घुमटीच्या जागी स्लॅबचा सभामंडप येतो, मग गाडी जायला रस्ता, पार्किंग, फरशी, आणि त्या प्रत्येकासाठी चार-चार मोठी झाडं जातात. भक्तीपोटीच होतं सगळं. पण राई हाच देवाचा वाडा होता ना? १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या देवरायांची नोंद करत फिरत होते तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाच्या लोकांनी आमची राई तोडायला निघालेत, वाचवा म्हणून मदत मागितली होती. राईतून ओढा वाहतो, ती गेली तर पाणी जाईल, हे त्यांचं सांगणं होतं. आज तशी मदत मागायला गावात किती जण तयार होतील?

बरं, दावा करायचा तर सुरुवात कुठून?

वनहक्क समितीपासून. ग्रामसभेला निम्मे लोक हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया, नाहीतर वरच्या समितीत दावा तिथेच अडकतो. मग समिती जागेवर जाते, नकाशा होतो, ग्रामसभेचा ठराव होतो, फाईल प्रांताच्या उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हास्तरीय समितीकडे. नाकारलं तर कारण लेखी मागा आणि ६० दिवसांत अपील करा. महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेमुळे जिल्हा समितीविरुद्ध विभागीय पातळीवरही जाता येतं.

पण या सगळ्याच्या आधी म्हाताऱ्या माणसांकडे जा. आजच जा. आम्ही एका पाड्यावर एका आजीला डोलीत बसवून राईपर्यंत नेलं होतं, तिने काठीने दाखवलं, त्या आंब्यापासून ओढ्याच्या वळणापर्यंत, तिथून वर सातीआसरांच्या दगडापर्यंत, आणि प्रत्येक ठिकाणी कोणी काय कबूल करून काय दिलं ते सांगत गेली. एका पोराने मोबाईलवर रेकॉर्ड केलं, दुसऱ्याने जीपीएस पॉइंट घेतले. कागदावर उतरवून वाचून दाखवलं, तिने अंगठा दिला. पुढे वरून फाईल नकाशा नीट नाही म्हणून परत आली, वर्षभर हेलपाटे घातले, त्यात आजी गेली. दुसऱ्यांदा मोजणी झाली तेव्हा ते चार पानी निवेदनच हातात होतं, नाहीतर ओढ्याच्या पलीकडचा भाग सुटलाच असता.

आम्हाला जागा कोणाला दाखवायचीच नसेल तर? आत बाहेरच्याने जायचं नाही असा नेम आहे.

हा हट्ट रास्त आहे, नकाशावर आली की गर्दी येते, रील काढणारे येतात, मूर्ती चोरणारेही येतात. अमेरिकेत वारशाच्या कायद्यांमध्ये अशा जागांचा ठावठिकाणा सरकारने गुप्त ठेवायची तरतूद आहे, आपल्या वनहक्क कायद्यात तशी स्पष्ट तरतूद मला दिसत नाही. म्हणून आम्ही असं करतो: दाव्यात फक्त बाहेरची हद्द द्यायची, अख्ख्या रानाची, आतले दगड, झरे, वाटा यांच्या खुणा करायच्या नाहीत, ठरावात "हद्दीच्या आत पारंपरिक पूजास्थानं आहेत, त्यांची व्यवस्था रूढीप्रमाणे ग्रामसभा करते" एवढंच वाक्य घालायचं. मोजणीला येणाऱ्यांना कडेकडेने फिरवायचं, त्या दिवशी गावातले दोघं-तिघं मोठे बरोबर ठेवायचे. आणि म्हाताऱ्यांनी सांगितलेलं आतलं सगळं वेगळ्या वहीत, ती वही गावाकडे, तिची झेरॉक्स कोणालाही द्यायची नाही, आम्हालासुद्धा नाही.